व्याह्यांचा रेडा

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, रवींद्र पाटणकरांनी टेबलावरची ताटं स्वतः उचलली, तेव्हाच रत्ना सावध झाली. अडतीस वर्षांच्या संसारात त्याने आपणहून ताटं उचलली होती ती तीनदाच, आणि तिन्ही वेळा मागून एखादा कागद आला होता. पहिल्यांदा अमेरिकेचं तिकीट, दुसऱ्यांदा डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या या घराचं कर्ज, आणि याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने जुन्या इंजिनिअरांना 'पैसे घ्या आणि घरी बसा' म्हणून पाठवलेलं पत्र. घरी बसलेला माणूस काहीतरी काढणारच, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

चौथा कागद त्याने टेबलावर ठेवला, आणि शेजारी दोन पेनं.

"दोन फॉर्म आहेत. एक माझा, एक तुमच्या आईचा," तो म्हणाला. "देहदान. युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलला. मी सगळं वाचलंय. तुम्ही दोघं इथे आहात तर साक्षीदार म्हणून सह्या करून टाका, म्हणजे विषय संपला."

"बाबा, हॅपी थँक्सगिव्हिंग टु यू टू," स्वानंदी म्हणाली. ती कालच सांता क्लाराहून आली होती आणि अजून तिची झोपही पुरी झाली नव्हती. तिच्या जिभेला मात्र झोप कधीच लागत नसे.

तिच्या भावाने, केदारने, फॉर्म हातात घेतला. तो ओळ न् ओळ वाचायला लागला. सकाळी नोव्हायच्या भाड्याच्या घरून येताना गाडीत त्याचं आणि बायकोचं, मार्ताचं, वाजलं होतं, हे रत्नाने दोघांच्या कोटांवरूनच ओळखलं होतं. एरवी एका खुंटीला लागणारे कोट आज दोन टोकांना होते.

"यात अवघड काही नाही," रवींद्र सांगत होता. "माणूस गेला की फोन करायचा. चोवीस तासांच्या आत ते येऊन घेऊन जातात. खर्च शून्य. भटजी शोधायला नको, कुणी रजा काढायला नको. स्वानंदी, तू तिकडून धावत यायची गरज नाही. तुमच्या विवेकमामाला भारतातून यायची गरज नाही. पोरं शिकतील त्या देहावर. याच्याहून चांगलं काय करणार आपण? आम्ही दोघांनी ठरवलंय."

दोघांनी म्हणजे त्याने ठरवलं होतं, आणि रत्ना त्या वेळी मेथी निवडत होती. तिने मान हलवली होती खरी. देहदान वाईट आहे असं तिला कधीच वाटलं नव्हतं. सांगलीला तिच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी केलं होतं, आणि सगळ्या गावाला त्यांचा अभिमान होता. तिला खुपत होतं ते भलतंच. चोवीस तास. फोन करायचा, गाडी येणार, दार लागणार, आणि संध्याकाळी माणसं आपापल्या कामाला. हे खुपणारं काय आहे ते तिला नीट सांगता येत नव्हतं, म्हणून गेले तीन आठवडे ती 'बघू, मुलं आली की बघू' म्हणत सही पुढे ढकलत आली होती. आता मुलं आली होती.

"मेक्स सेन्स," केदार म्हणाला आणि त्याने पेन उचललं.

"केदार, आधी माझं," मार्ता म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात छोटी वही. आपल्या सुनेविषयी रत्नाला नऊ वर्षांत एवढं कळलं होतं, की ही मुलगी आवाज चढवत नाही, आणि म्हणून तिचं ऐकावं लागतं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर डोंगरात तोराजा म्हणून लोक आहेत, त्यांच्यातली ती. ग्रँड रॅपिड्सच्या चर्चच्या कॉलेजात नर्सिंग शिकायला आली, केदारला भेटली आणि राहिली. मराठी तिने ऐकून ऐकून उचललं होतं. क्रियापदं कधी इकडची तिकडे व्हायची, पण 'आई' आणि 'बाबा' तिने पहिल्या दिवसापासून बरोबर म्हटलं.

"माझ्या भावाचा फोन होता. सकाळी," ती म्हणाली. "डेट फिक्स झाली. पुढच्या जुलैमध्ये, दुसरा आठवडा. पापांचं फ्युनरल."

मार्ताचे वडील जाऊन दीड वर्ष होऊन गेलं होतं. पण 'जाऊन' हा शब्द या घरात उच्चारायची सोय राहिलेली नव्हती, आणि त्याला कारण रत्नाच होती. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बातमी आली तेव्हा रत्नाने रीतीप्रमाणे सगळं केलं. नातीला, सियाला, जवळ घेतलं, गोडधोड बंद केलं, व्याह्यांचा फोटो मोठा करून आणला, त्याला हार घातला, पुढे निरांजन लावलं. मार्ता आली, तिने फोटो पाहिला, आणि हलक्या हाताने हार काढून रत्नाच्या ओंजळीत ठेवला. "आई, ते आजारी आहेत," ती म्हणाली. रत्नाला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मग हळूहळू समजलं. त्यांच्याकडे मोठा विधी होईपर्यंत माणूस मेलेला नसतोच. औषध टोचून देह घरातच ठेवतात, त्याला जेवणाचं ताट वाढतात, कोण आलं कोण गेलं ते सांगतात. त्या ख्रिसमसला मार्ताच्या माहेरून दरवर्षीसारखी कॉफीची पिशवी आली, आणि वर चिठ्ठी होती: पापांकडून. आठ महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाची कॉफी कशी प्यायची, हे न कळून रत्नाने ती फ्रीझरमध्ये ठेवून दिली होती.

"बस ना," रत्ना म्हणाली. मार्ता बसली.

"केदार आणि मी, आमचं ठरलं. विधीला दोन रेडे द्यायचे," मार्ता म्हणाली. "त्याच्यावर आम्ही भांडलो, पण झालं."

"घराचं डाउन पेमेंट आणखी एक वर्ष पुढे," केदार म्हणाला. "इट्स फाइन. मी बोललो ना, फाइन."

"रेडा म्हणजे यमाचं वाहन," स्वानंदी म्हणाली. "वहिनी, तुमच्याकडे पण तेच आहे का?"

"आमच्याकडे पापा त्याच्यावर बसून जातील. पलीकडे. रेडा नाही तर चालत. फार लांब आहे." मार्ताने वही उघडली. "पण मी वेगळं विचारते. भाऊ विचारतो, केदारच्या घरून कोण येणार?"

"म्हणजे?" रवींद्रने विचारलं.

मार्ताने सांगायला सुरुवात केली, आणि जिथे मराठी संपलं तिथे इंग्रजीवर गेली. पाहुणे तिथे एकेकटे येत नाहीत. एकेका घराची रांग येते, पुढे त्यांचा रेडा, मागे माणसं, काळ्या कपड्यात. लाउडस्पीकरवर नाव पुकारतात, अमक्याचे व्याही आले. मग त्यांना मांडवात बसवून कॉफी देतात, आणि वहीत लिहून घेतात, कुणी काय आणलं. सगळं गाव बघत असतं. तिच्या धाकट्या बहिणीच्या सासरची चाळीस माणसं येणार आहेत. भावाच्या सासरची साठ.

"आणि माझ्या मागे कोण?" ती म्हणाली. "केदार आणि सिया माझ्याबरोबर आत असणार, घरच्या लोकांत. बाहेरून माझ्या नवऱ्याच्या घरची रांग येईल ना, ती रिकामी. लोक म्हणतील, म्हाताऱ्याने मुलगी एवढी लांब पाठवली, आणि तिकडे तिला कुणी घेतलं नाही."

"असं कसं म्हणतील? आम्ही तुला मुलीसारखी..." रवींद्र म्हणाला.

"त्यांना ते दिसत नाही, बाबा. त्यांना रांग दिसते."

रवींद्रने चष्मा काढून पुसला. भाषण येणार असलं की तो आधी चष्मा पुसत असे. "मार्ता, राग मानू नकोस. मी तुला मुलगी समजतो म्हणून बोलतो. गरीब डोंगरी गाव. तिथे वीस-पंचवीस रेडे कापायचे. एकेक रेडा दीड हजार डॉलर, आणि ठिपक्यांचा असला तर दहा हजार. एवढ्यात गावाच्या शाळेला छप्पर येईल, दहा पोरं शिकतील. आपल्याकडे पण हेच होतं. लोक कर्ज काढून दिवस घालायचे. आमच्या पिढीने ते मोडलं. आम्हाला कुणी थँक यू म्हटलं नाही, पण मोडलं."

"मी रेड्यावर शिकले, बाबा," मार्ता म्हणाली.

"काय?"

"माझं अमेरिकेचं तिकीट. पापांनी एक रेडा विकला. तो त्यांच्या आईसाठी ठेवलेला होता, माझ्या आजीसाठी. आजी तेव्हा एक वर्ष आजारी होती." या घरात आता 'आजारी' म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. "रेडा गेला, मग दुसरा घ्यायला पापांना तीन वर्षं लागली. आजी तीन वर्षं जास्त थांबली. माझ्यासाठी. पापा रोज सकाळी तिला सांगायचे, आई, थोडं थांब, पोरगी शिकते आहे."

रवींद्रने चष्मा परत लावला. रत्ना मार्ताकडे बघत राहिली. हे तिला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिने विचारलंच नव्हतं.

"एक विचारू?" स्वानंदी आता पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसली होती. "हा जो रेडा देतात, तो गिफ्ट? म्हणजे आहेर?"

"गिफ्ट नाही. ते परत येतं. आज तुम्ही माझ्या पापांसाठी आणलं, तर तुमच्या घरी कुणी गेलं की माझ्या भावाला यावंच लागतं. तेवढंच घेऊन. भाऊ नसला तर त्याचा मुलगा. तो नसला तर त्याचा मुलगा."

"आणि नाही आला तर?"

मार्ताने थोडा विचार केला. "असं होत नाही," ती म्हणाली.

रवींद्रला हसू आलं. "म्हणजे मी मेलो की तुझा भाऊ रेडा घेऊन डेट्रॉइटच्या विमानतळावर उतरणार?"

"कस्टम्सवाले फिट येऊन पडतील," स्वानंदी म्हणाली, आणि केदारसुद्धा हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

मार्ता हसली नाही. "रेडा इथे नाही आणता येत. पैसे आणेल. पण तो येईल, बाबा. नक्की येईल. आणि विचारेल, कुठे आहेत? मी काय सांगू? युनिव्हर्सिटीत?"

"सांग, यायची गरज नव्हती."

हे वाक्य रवींद्र अगदी सहज बोलला. प्रेमानेच बोलला. कुणाला आपल्यामुळे तोशीस पडू नये, हाच त्याचा जन्माचा धर्म होता. पण ते ऐकलं आणि तीन आठवडे काय खुपत होतं ते रत्नाला एकदम कळलं. ते तीन आठवड्यांचं नव्हतंच. साडेतीन वर्षांचं होतं.

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात," ती म्हणाली.

"केव्हा?"

"माझी आई गेली तेव्हा."

रवींद्रचा चेहरा पडला. "रत्ना, आता मुलांसमोर..."

"मुलांसमोरच. त्यांना माहीत नाही ते." रत्नाने हात टेबलावर टेकले. "गुढीपाडव्याच्या आधी दोन दिवस आई गेली. विवेकने सांगलीहून यांना फोन केला. यांनी मला सांगितलं नाही. मंडळाचा पाडवा होता ना, शाळेच्या हॉलमध्ये? लेझीम मी बसवलं होतं. मी फेटा बांधून नाचले. हे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर मला सांगितलं, आई गेल्या, आज चौथा दिवस."

"बाबा!" स्वानंदी म्हणाली. "तुम्ही आजीचं तीन दिवस लपवलंत?"

"ती पोचणार नव्हती," रवींद्र म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "सकाळी गेल्या, दुपारी नेलं. इथून सांगली म्हणजे दोन दिवस. तिकीट काढूनही उपयोग नव्हता. विवेकही तेच म्हणाला, ताईला कशाला त्रास. एवढं महिनाभर खपून तिने ते बसवलं होतं. मला वाटलं, एक दिवस तरी सुखाचा जाऊ दे. दुःख काय, पुढे जन्मभर आहेच."

"पोचणार नव्हते हे मलाही कळतं हो," रत्ना म्हणाली. "पण मी रडले असते. माझी आई गेली आणि मी नाचत होते. त्याचे फोटो आहेत मंडळाच्या अल्बममध्ये. ते मी बघू शकत नाही, आणि फाडूही शकत नाही. आईसाठी कुणी तासभरसुद्धा थांबलं नाही. माझ्यासाठी तर नाहीच नाही."

बोलता बोलता तिचे डोळे वाहायला लागले होते आणि तिने ते पुसले नाहीत. केदार खाली बघत होता. रवींद्र बराच वेळ त्या दोन फॉर्मांच्या कडा एकमेकांना जुळवत राहिला.

"मी ते तीन दिवस गॅरेजमध्ये जाऊन बसायचो," शेवटी तो म्हणाला. "तुला वाटायचं गाडीचं काहीतरी करतोय. मलाही आई होत्या त्या. लग्नानंतर पहिल्यांदा मला कुणी पोटभर वाढलं असेल तर त्यांनी."

"मग एकटे का बसलात?" रत्नाने विचारलं. "मला का नाही बोलावलंत?"

रवींद्र हुशार माणूस होता, चाळीस वर्षं गाड्यांची इंजिनं बांधली, पण एवढ्या साध्या प्रश्नावर त्याने जुळवलेले फॉर्म बाजूला सारले. मग म्हणाला, "चुकलं माझं." इतक्या हळू, की स्वानंदीने पुढे वाकून ऐकलं.

रत्नाने पदराने तोंड पुसलं. रडून झाल्यावर तिला नेहमीच कामाची आठवण होई. "मार्ता, लिही," ती म्हणाली. "एक रेडा. पाटणकरांकडून."

"आई?" केदार म्हणाला.

"साधा. ठिपक्यांचा मला परवडायचा नाही. लायब्ररीच्या नोकरीतले माझे पैसे आहेत, कुणाकडे मागत नाही. आणि जुलैत मी येते. त्याच्यामागून मी चालेन. रांग एका माणसाची चालते ना गं?"

मार्ताने वहीचं कोरं पान काढलं. "चालते," ती म्हणाली.

"दोन कर ती," स्वानंदी म्हणाली. "माझी व्हेकेशन पडून आहे. काळे कपडे तर माझ्याकडे तेवढेच आहेत."

"अगं रत्ना, तू अंड्याचा केक खात नाहीस!" रवींद्र न राहवून म्हणाला. "आणि रेडा देणार?"

हे मात्र खरं होतं, आणि रत्नाला ते टोचलं. तिने त्या जनावराचा विचार केला. कुठल्याशा डोंगरावर तो आता चरत असेल, आणि तिने नाव उच्चारलं म्हणून त्याचा दिवस ठरला असेल. "मार्ता, माझा तो कापू नका असं सांगता येतं का?"

"काही रेडे कापत नाहीत. गावाला देतात, चर्चला देतात," मार्ता म्हणाली. "भावाला मी विचारीन. पण आई, प्रॉमिस नाही करत. रेडा दिला की तो त्यांचा."

ती खोटं बोलली असती तर सोपं झालं असतं. रत्नाने वहीकडे बोट दाखवलं. "असू दे," ती म्हणाली. "पाप लागायचं ते मला लागू दे. पण नाव माझं लिही. पाटणकर नको, यांचंही नको. रत्ना. म्हणजे परत आणायचं ते माझ्यासाठी आणावं लागेल."

"आणि याचं काय?" रवींद्रने फॉर्मकडे बोट दाखवलं. त्यात राग नव्हता.

"तुमच्यावर तुम्ही करा सही. चांगलं काम आहे, मी आड येणार नाही. मुलंही साक्षीच्या सह्या करतील." तिने आपला फॉर्म उचलला आणि उताणा होता तो पालथा ठेवला. "माझ्यावर मी करत नाही. चोवीस तासांत मला नाही जायचं. देह कुणाच्या उपयोगी पडत असेल तर मागाहून न्या. पण आधी माझी माणसं येऊ देत. सगळ्यांना कळवा, ज्याच्या घरी कार्य आहे त्यालासुद्धा, आणि ज्याला रडायचं असेल त्याला रडू द्या."

रवींद्रने स्वतःचा फॉर्म जवळ ओढला, पेन उघडलं, आणि पुन्हा बंद केलं. "सोमवारी बघतो," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, कुणाकडेच न बघता, "मार्ता, ती रांग तीन माणसांची लिही."

मार्ताने लिहिलं. तिच्या वहीत, तिच्या भाषेत, आणि त्याच्यात 'रत्ना' एवढंच रत्नाला वाचता आलं. वही मिटून ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि सासूच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली. नऊ वर्षांत ती इतकी जवळ कधी बसली नव्हती.

"आई, आता नाव लिहिलं. आता तुम्हाला पण आमचा रूल," ती म्हणाली.

"कसला?"

"तुम्ही लगेच जायचं नाही. केदार आणि मी येणार, स्वानंदी येणार, विवेकमामा येणार, माझा भाऊ येणार. त्याचं विमान लेट होईल, त्याला व्हिसा मिळणार नाही, दोनदा अप्लाय करावं लागेल. तोपर्यंत तुम्ही फक्त आजारी. मी रोज जेवण वाढीन, कोण कुठपर्यंत आलं ते सांगीन. तुम्हाला थांबावं लागेल, आई."

रत्नाने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"थांबेन की," ती म्हणाली. "तुम्ही सावकाश या."